उमरावतीची गाठ आणि कोबेचा धक्का

कोबेला जायचं ठरलं तेव्हा अकोल्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "काहून बाप्पा, तठी कोन हाये आपलं?" नात्यागोत्याचं कुणीच नव्हतं. पण जपानच्या कुठल्याशा बंदरात आपल्या वऱ्हाडाचं काहीतरी वर्षानुवर्षं उतरत होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आजोबा अकोल्याच्या एका जिनात हिशेब लिहायचे. रुईच्या गाठी मुंबईला जातात आणि तिथून ‘जपानात’ जातात, एवढंच ते सांगत. जपानात म्हणजे नेमकं कुठं, हे त्यांनाही कधी कुणी सांगितलं नसावं. ते ठिकाण म्हणजे मुख्यतः कोबे.

व्यापाऱ्यांच्या भाषेत आपल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीचं जुनं नाव उमरावती. इंग्रजांच्या दप्तरात त्याची नाना तऱ्हेची स्पेलिंगं झाली आणि बाजारात घासून घासून शेवटी ‘ऊमरा’ एवढंच उरलं. पुढे फक्त अमरावतीचाच नव्हे, तर वऱ्हाड, खानदेश, मध्य प्रांत या सगळ्या पट्ट्यातला आखूड धाग्याचा कापूस याच नावानं विकला जाऊ लागला. लिव्हरपूल असो, मुंबई असो की कोबे, भावाच्या तक्त्यावर आपल्या गावाचं नाव असं रोज लिहिलं जायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी अमरावती पाहिली नव्हती आणि अमरावतीच्या शेतकऱ्यानं कोबे पाहिलं नव्हतं. निदान एका बाजूनं तरी ही ओळख व्हावी, म्हणून मी निघालो.

नोव्हेंबर होता. आमच्याकडे वेचणीचे दिवस. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, त्याला आम्ही सीतादही म्हणतो. तो उरकून दोन दिवसांनी मी मुंबईला गाडी धरली आणि तिथून ओसाकाचं विमान. ओसाकाचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. तिथून बसनं तासाभरात कोबेच्या सान्नोमिया भागात पोचता येतं. रेल्वेनं ओसाका ते कोबे अंतर तीसेक किलोमीटर, म्हणजे अकोल्याहून बाळापूरला जाऊन थोडं पुढं सरकावं एवढंच.

कोबेचा नकाशा समजायला दहा मिनिटंही लागत नाहीत. उत्तरेला रोक्को डोंगराची रांग, तिचं सर्वांत उंच टोक ९३१ मीटर. दक्षिणेला समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर लांबच लांब पसरलेलं. त्यामुळे इथं उत्तर-दक्षिण कुणी म्हणत नाही. दुकानं, रेल्वे स्टेशनं, चौक, सगळ्यांना ‘डोंगराची बाजू’ आणि ‘समुद्राची बाजू’ अशा दोनच बाजू. आपण नाही का अकोल्यात मोर्णेच्या अलीकडे-पलीकडे म्हणतो आणि नदीपलीकडे गेलं की ‘जुनं शहर’ सुरू होतं, तसंच.

बंदर मात्र फार जुनं. आज ज्या भागाला ह्योगो म्हणतात, तिथं बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी या सरदारानं चीनशी व्यापार वाढवण्यासाठी भराव घालून बेट बांधलं. बांध टिकावा म्हणून माणसं बळी देण्याऐवजी बौद्ध सूत्रं कोरलेले दगड समुद्रात टाकले, अशी कथा तिथं सांगतात. ११८० साली त्यानं काही महिने राजधानीसुद्धा इथं हलवली होती. पण आज आपण ज्याला कोबे म्हणतो ते शहर घडलं १ जानेवारी १८६८ नंतर. १८५८ च्या करारांनी जपाननं परदेशी व्यापाराला बंदरं उघडायचं कबूल केलं होतं. योकोहामा आणि नागासाकी लगेच उघडली, ह्योगो-कोबेला दहा वर्षं लागली. परदेश्यांच्या वसाहतीसाठी समुद्राकाठची मोकळी जागा निवडली गेली. जॉन विल्यम हार्ट या इंग्रज अभियंत्यानं ती आखली: सरळ रस्ते, १२६ भूखंड, पदपथ, गॅसचे दिवे आणि जमिनीखाली विटांची गोल गटारं. त्या गटारांचा काही भाग अजून शाबूत आहे. वसाहत १८९९ मध्ये जपानच्या ताब्यात परत आली. आज त्या भागात भारी दुकानं आहेत, पण रस्त्यांची आखणी जुनीच आहे.

आता आपला कापूस इथं आला कसा, ते पाहू. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि पुढे नावांनी कलकत्त्याला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्या काळात किती खरी वाटली असेल! १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याचं उद्घाटन करायला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आला होता. रॅली आणि फोलकार्ट यांच्यासारख्या युरोपीय कंपन्यांनी ठाण मांडलं, जिन आणि प्रेस उभे राहिले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावणारी शकुंतला रेल्वे आली, तीही कापसासाठीच.

पण इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या लँकेशायरला आपला कापूस मनापासून कधीच आवडला नाही. देशी कापसाचा धागा आखूड, पाऊण इंचाच्या आतबाहेर. त्याचं बारीक सूत निघत नाही. अमेरिकेतली लढाई संपताच इंग्लंडचा ओढा परत तिकडे गेला. मग या कापसाला कदर मिळाली ती जपानात. ओसाकामध्ये उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या पुढाकारानं १८८२ साली ओसाका कताई कंपनी स्थापन झाली, दहा हजारांवर चात्यांची. जपानी गिरण्यांना जाडं सूत काढायचं होतं. त्यांनी एक युक्ती केली. हिंदुस्थानचा आखूड कापूस, त्यात थोडा अमेरिकेचा लांब धाग्याचा, असं मिश्रण करायचं आणि ते वेगवान रिंग चात्यांवर कातायचं. कुठल्या कापसात कुठला किती मिसळायचा, हे त्यांच्याकडे शास्त्र झालं. स्वस्त ऊमरा त्या मिश्रणाचा पाया ठरला. ओसाकाचं बंदर तेव्हा उथळ होतं, मोठी जहाजं तिथं लागत नसत. म्हणून गाठी कोबेला उतरायच्या आणि तिथून पडावांनी ओसाकाच्या गिरण्यांकडे जायच्या.

जहाजाचं भाडं मात्र युरोपीय कंपन्यांच्या मुठीत होतं. मुंबई ते जपान हा मार्ग पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीच्या दोन कंपन्यांनी वाटून घेतलेला. जमशेटजी टाटांना हे सलत होतं. त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालू होती, म्हणजे कापसाचं गणित त्यांना आपल्या अंगणातूनच कळलेलं. १८९३ मध्ये ते जपानला गेले. शिबुसावांशी बोलणं झालं आणि जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या कंपनीनं मुंबईचा मार्ग सुरू करायचं ठरवलं. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईकडे निघालं. जपानी कंपनीचा दूर पल्ल्याचा हा पहिलाच नियमित परदेशी मार्ग. युरोपीय कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की टाटांना या मार्गावर घातलेली आपली जहाजं थांबवावी लागली, जपानी कंपनी मात्र टिकून राहिली. जपानच्या सागरी व्यापाराचा हा मोठा अध्याय कापसाच्या गाठींवर उभा आहे, आणि त्या गाठींमध्ये आपली काळी माती होती, ही गोष्ट आपल्या शाळेत कुणीतरी शिकवायला हवी होती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी धक्क्यावर गेलो. समुद्राकाठच्या उद्यानाचं नाव ‘मेरिकेन पार्क’. जवळच अमेरिकेची वकिलात होती, म्हणून इथल्या धक्क्याला लोक ‘अमेरिकन’चा ‘मेरिकेन’ म्हणू लागले. मला एकदम ऊमरा आठवला. बंदरात नावं अशीच झिजतात आणि झिजलेलीच टिकतात. उद्यानात १०८ मीटर उंचीचा लाल पोर्ट टॉवर आहे, १९६३ चा, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, थेट आपल्या डमरूसारखा. बाजूला सागरी संग्रहालय आहे. ही दोन्ही ठिकाणं फोटोंत सगळ्यांनी पाहिलेली असतात, त्यांच्यावर मी फार लिहीत नाही.

त्याच उद्यानाच्या एका कडेला मी जवळजवळ तासभर उभा होतो. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे हादरलं. ६,४३४ माणसं गेली. बंदराचे धक्के फुटले, खचले, पाण्यात गेले. सगळं बंदर त्यांनी पुन्हा बांधलं, पण धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा होता तसाच ठेवला. दगडी फरश्या वाकड्या होऊन एकमेकींवर चढलेल्या, मधल्या भेगांतून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतंय, आणि दिव्याचा एक खांब पाण्यावर तिरका कललेला, आता पडेल की मग पडेल असा. पलीकडे नवा धक्का, त्यावर मुलं सायकल चालवत होती. कठड्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ पाहत होते. आमची नजर भेटली, त्यांनी मान लववली, मीही लववली. बोलायला भाषा नव्हती.

मेरिकेन पार्कपासून पूर्वेला चालत गेलं की शिन्को नावाचा भाग लागतो, म्हणजे नवं बंदर. तिथं एक जाडजूड भिंतींची जुनी इमारत आहे: कच्चं रेशीम तपासण्याचं कोबेचं केंद्र, १९२७ साली बांधलेलं आणि पुढे १९३२ मध्ये वाढवलेलं. आता तिथं ‘किइतो’ नावाचं कला आणि रचना केंद्र चालतं. किइतो म्हणजेच कच्चं रेशीम. आत रेशीम तपासण्याची जुनी यंत्रं मांडून ठेवली आहेत. निर्यातीच्या रेशमाची तार काळ्या फळीवर शेजारी शेजारी गुंडाळायची, अंधाऱ्या खोलीत ठरावीक प्रकाशात धरायची आणि कुठं जाड, कुठं बारीक, कुठं गाठ, हे डोळ्यांनी मोजून दर्जा लिहायचा, अशी ती पद्धत.

आजोबा मला शिकवायचे ती तपासणी वेगळी होती. ढिगातून चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांखाली दाबून हळूच ओढायची. अर्धी एका हातात राहते, अर्धी दुसऱ्या. ती पुन्हा एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची. चार-पाच वेळा केलं की कचरा गळून जातो आणि तंतू केसांसारखे सरळ होऊन अंगठ्याच्या नखाशी रांगेत उभे राहतात. मग नखाशी लांबी ताडायची, कानाजवळ नेऊन तोडायची. ‘कट्’ असा आवाज आला तर धागा मजबूत. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नसे, तरी ते आवाजावरून भाव सांगायचे. दर्जा ठरवायला इथं मोठी सरकारी इमारत आणि तिथं एका माणसाचा अंगठा. हा फरक मला फार टोचला. रेशीम पिकवणाऱ्याच्या मालाचा दर्जा त्याच्या देशात, त्याच्या सरकारनं ठरवला. आमच्या शेतकऱ्याच्या गाडीचा दर्जा घेणाऱ्यानंच ठरवला.

डोंगराच्या बाजूला कितानो नावाची टेकडी आहे. परदेशी व्यापाऱ्यांचे जुने बंगले तिथं जपले आहेत. विटांचा, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असलेला ‘काझामिदोरी’ बंगला १९०९ मध्ये एका जर्मन व्यापाऱ्यानं बांधलेला. पर्यटकांची झुंबड असते. मला ओढ होती टेकडीखालच्या मशिदीची. १९३५ साली बांधलेली ही जपानमधली पहिली मशीद. हिंदी मुसलमान व्यापारी आणि तातार-तुर्क निर्वासित यांनी मिळून ती उभारली, आराखडा यान श्वाग्र या चेक वास्तुकाराचा. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालचं शहर जळालं, ही उभी राहिली. १९९५ च्या भूकंपातही उभी राहिली. तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर आहे, १९८५ चं. मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या गुजराती जैन कुटुंबांनी ते बांधलं. कारंजा आणि शिरपूरची जैन मंदिरं पाहत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला कोबेच्या गल्लीत ते शिखर दिसलं की पाय आपोआप थांबतात. मी आत जाऊन बसलो. गारठ्यातून आल्यावर उदबत्तीच्या वासानं घरी आल्यासारखं झालं.

हिंदी व्यापारी आधी योकोहामात जास्त होते. १९२३ च्या मोठ्या भूकंपानं योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्यातले पुष्कळ जण कोबेला आले. टाटा कंपनीची शाखा तर इथं आधीपासून होती. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला आले तेही प्रथम कोबेलाच उतरले. सिंधी, गुजराती, पारशी असे सगळे इथं आले, पेढ्या काढल्या, प्रार्थनास्थळं बांधली. कापूस पिकवणारा तेवढा आला नाही. त्याचा माल आला.

आणि माल अडला की त्याचे हाल कसे होतात, हे १९३३ नं दाखवलं. जागतिक मंदीनं भाव आधीच कोसळलेले. जपानी कापड हिंदुस्थानात स्वस्तात येतं म्हणून सरकारनं ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढवली. उत्तरादाखल जपानच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला. इकडे मुंबईचे गिरणीमालक खूश, तिकडे लँकेशायर खूश, आणि वऱ्हाडातल्या वखारीत गाठी पडून. महिनोन्महिने वाटाघाटी होऊन जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली: जपाननं दहा लाख गाठी घेतल्या तर साडेबत्तीस कोटी यार्ड कापड पाठवता येईल, पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी यार्ड. आजोबा ‘जपान बंद झालं ते साल’ म्हणून जे सांगत, ते हेच असणार. १९४१ मध्ये युद्धाच्या तोंडावर हा व्यापार पुन्हा थांबला.

आयात-निर्यातीच्या धोरणाचा फटका शेतकऱ्याला आधी बसतो, हे आपण आजही दर हंगामात अनुभवतो. मला वाटतं, त्याची पहिली मोठी शिकवण वऱ्हाडाला कोबेकडूनच मिळाली.

शेवटच्या दिवशी नुनोबिकीच्या धबधब्यावर गेलो. शिन-कोबे या बुलेट ट्रेनच्या स्टेशनामागून वीस मिनिटं चढलं की ४३ मीटरची मुख्य धार समोर येते. नोव्हेंबरात मेपलची पानं लालभडक झालेली. नुनोबिकी म्हणजे ‘कापड ओढून पसरलेलं’. खडकावर पांढरं थान सोडावं तशी ती धार दिसते, नाव देणाऱ्याची नजर विणकराची असावी. वर १९०० साली बांधलेलं धरण आहे, जपानचं पहिलं काँक्रीटचं गुरुत्व धरण. इथलं पाणी जहाजं भरून घेत. विषुववृत्त ओलांडलं तरी ते खराब होत नाही, अशी खलाशांत ख्याती होती. मी ओंजळभर पाणी हातात घेतलं आणि पूर्णाकाठचा आपला खारपाण पट्टा आठवला, जिथं विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि माणसालाही. आपल्याकडे जमिनीतलं पाणी खारट असल्यानं कोरडवाहू कापूस पेरावा लागला, आणि तोच कापूस जहाजात बसून या गोड पाण्याच्या गावी आला.

जाणाऱ्यांसाठी थोडं: कोबेला दोन पूर्ण दिवस पुरतात. रोक्को डोंगरावरून रात्री दिसणारं बंदर चुकवू नका. शाकाहारी असाल तर कितानो भागात भारतीय खाणावळी आहेत. भूकंपात जमीनदोस्त झालेली ‘१५ नंबरची कोठी’ जुन्या वसाहतीत जरूर पाहा. १८८० च्या सुमाराची ही इमारत ढिगाऱ्यातलं जुनं सामान वेचून १९९८ मध्ये पुन्हा तशीच उभी केली.

ती कोठी पाहताना आपल्या जिनांची आठवण येऊन जीव तुटला. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, दर्यापूर, खामगाव इथल्या जुन्या जिन-प्रेस एकेक करून पाडल्या जाताहेत आणि तिथं प्लॉट पडताहेत. त्यांच्या वह्या, गाठींवरचे छापे, करारनामे रद्दीवाल्याकडे जातात. आजोबांच्या जिनातल्या वह्याही अशाच गेल्या. वऱ्हाडात ज्यांच्या घरी, माळ्यावर, पेटीत अजून असे कागद असतील, त्यांना हात जोडून सांगणं आहे: ते किलोवर विकू नका. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा अमरावतीच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एकदा दाखवा, निदान मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. त्यात कुठंतरी ‘कोबे’ लिहिलेलं सापडेल.